कमी वयाची सिंगल माल्ट घेताना होणाऱ्या या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात माझ्या मेहुण्यांनी ड्युटी फ्रीमधून आणलेली १८ वर्षांची सिंगल माल्ट स्कॉच आमच्या प्रतापनगरच्या घरी मोठ्या कौतुकाने उघडली गेली. बाहेर पारा ४५ अंशांवर होता, खोलीत वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर घरघरत होता आणि टेबलावर सावजी मटणाचा रस्सा वाफाळत होता. दोन घोटांनंतर मेहुणे स्वतःच म्हणाले, "भाऊजी, याच्यापेक्षा आपली १० वर्षांचीच बरी होती." त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून निकाल दिला की जास्त वय म्हणजे निव्वळ लूट. डिसेंबरात, हुरड्याच्या दिवसांत, तीच उरलेली बाटली पुन्हा काढली तेव्हा तिच्यात मनुका, मध आणि जुन्या लाकडाचा असा दरवळ होता की कोणालाच आधीचा निकाल आठवू नयेसे वाटले. अर्धी रिकामी बाटली सात महिने ठेवल्यामुळे आत शिरलेल्या हवेचाही त्यात थोडा हात असेल. परंतु मे महिन्यात आम्ही पारख केली ती मुख्यतः खोलीची आणि रश्श्याची. व्हिस्कीची पारख झालीच नव्हती.

कमी वयाची, म्हणजे पिंपात कमी वर्षे मुरलेली, सिंगल माल्ट पैसे वसूल करून देते का, या प्रश्नाला माझे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी आहे. विशेषतः ८ ते १२ वर्षांच्या, धुरकट चवीच्या आणि ४६ टक्के किंवा त्याच्या आसपास अल्कोहोल असलेल्या बाटल्यांबाबत मी ते नि:शंकपणे देतो. मात्र पुढील चुका केल्या, तर स्वस्त बाटलीही महाग पडते आणि चांगली बाटलीही वाईट ठरते.

आकड्याचा चुकीचा अर्थ लावणे

लेबलवरचे "१२ वर्षे" हे सरासरी वय नसते. बाटलीत मिसळलेल्या पिंपांपैकी सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे ते वय असते आणि तिच्यासोबत १५ किंवा २० वर्षांचा मालही असू शकतो. कायद्याने स्कॉच म्हणवून घेण्यासाठी किमान ३ वर्षे, स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरणे बंधनकारक आहे आणि बाटलीतील अल्कोहोल ४० टक्क्यांपेक्षा कमी असून चालत नाही. सिंगल माल्ट असेल तर ती एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, बार्लीची आणि भांड्यात घाण्याघाण्याने ऊर्ध्वपातन केलेली असावी लागते. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलवरही १२ हाच आकडा असतो. तो खराही आहे, पण ती ब्लेंड आहे. तिच्यात अनेक डिस्टिलऱ्यांची माल्ट आणि इतर धान्यांपासून केलेली ग्रेन व्हिस्की एकत्र असते, त्यामुळे केवळ आकड्यावरून तिची आणि १२ वर्षांच्या सिंगल माल्टची तुलना करण्यात अर्थ नाही.

येथेच एक उपयोगी खूणही सांगतो. २०१२ च्या अखेरीपासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. ब्लेंडेड स्कॉच भारतात येऊन बाटलीबंद होते आणि त्यात काही गैर नाही. पण एखाद्या लेबलवर सिंगल माल्ट स्कॉच आणि भारतात बाटलीबंद ही दोन्ही विधाने एकत्र दिसली, तर ती बाटली मुकाट्याने दुकानदाराकडे परत सरकवावी.

दुप्पट वय म्हणजे दुप्पट चव, असे मानणे

ही सर्वांत खर्चिक चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. पिंपात तीन कामे एकाच वेळी चालू असतात. आतून जाळलेल्या लाकडाचा कोळसा नव्या दारूतील गंधकासारखे उग्र वास काढून घेतो. लाकूड स्वतःजवळचा व्हॅनिला, नारळ आणि मसाल्यांचा गंध देते. आणि पिंपाच्या छिद्रांतून मिळणाऱ्या हवेमुळे आम्ले व अल्कोहोल यांची सावकाश प्रक्रिया होऊन फळांचे गंध तयार होतात. पहिली दोन कामे सुरुवातीच्या काही वर्षांत बरीच आटोपतात, तिसऱ्याला मात्र काळाशिवाय पर्याय नाही. त्यामुळे लहान पिंप वापरून लाकडाची चव लवकर आणता येते, मुरलेपणा तितक्या लवकर आणता येत नाही. अशा लहान पिंपात मुरवलेली लाफ्रॉइगची क्वार्टर कास्क घेऊन पाहिल्यास हे कळते: वय लिहिलेले नाही, ४८ टक्के अल्कोहोल आहे, लाकडाचा गोडवा भरपूर आहे आणि तरीही स्वभाव तरुणच आहे. मला ती आवडते, पण ती १८ वर्षांच्या बाटलीची स्वस्त आवृत्ती आहे असे समजून घेणाऱ्याची निराशा होईल.

धुराच्या बाबतीत तर वय उलट दिशेने काम करते. पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीतून येणारा धुरकटपणा पिंपात वर्षागणिक मवाळ होत जातो. ज्याला चुलीवरच्या भाकरीसारखा, ओल्या राखेसारखा थेट धूर हवा आहे, त्याने जास्त वयासाठी पैसे मोजणे म्हणजे हवी ती गोष्ट कमी करून घेण्यासाठी पैसे मोजणे होय. आर्डबेगची वी बीस्टी केवळ ५ वर्षांची आणि ४७.४ टक्क्यांची आहे, आणि लॅगव्हूलिनने २०१६ मध्ये आपल्या दोनशेव्या वर्षानिमित्त ८ वर्षांची, ४८ टक्क्यांची बाटली आणली, ती लोकांना इतकी रुचली की पुढे कायमची राहिली. त्याच डिस्टिलरीची १६ वर्षांची बाटली ४३ टक्क्यांची आहे. ती अधिक खोल, अधिक शांत आहे, पण धुरासाठी मी ८ वर्षांचीच घेईन. याउलट शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातील सुक्या मेव्याची चव हवी असेल, तर १२ वर्षांच्या आतील बाटलीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के दारू उडून जाते, ज्याला तेथे देवदूतांचा वाटा म्हणतात. २०० लिटरच्या पिंपात या हिशेबाने १२ वर्षांनी सुमारे १५७ लिटर आणि १८ वर्षांनी सुमारे १३९ लिटर उरते. म्हणजे मधल्या सहा वर्षांत १८ लिटर गेले, पण दुकानातील किंमत मात्र अनेकदा दुपटीच्या पुढे जाते. गोदामाचे भाडे आणि अडकून पडलेल्या पैशांचे व्याज यांतून त्यातील काही भाग समजतो. उरलेला भाग दुर्मिळतेचा आणि भेट देताना दिसणाऱ्या आकड्याचा असतो. ज्यांना मानपानासाठी बाटली द्यायची आहे त्यांनी तो भाग खुशाल द्यावा.

परदेशी किमतीवरून इथला हिशेब करणे

लंडनमधील किंमत पाहून "हिला इतके पैसे?" असे म्हणणे व्यर्थ आहे. आपल्याकडे स्कॉचवर १५० टक्के आयात शुल्क आकारले जात आले आहे आणि ते टक्केवारीने लागत असल्यामुळे स्वस्त व महाग बाटलीतील अंतर येथे अधिकच ताणले जाते. समजा, एक बाटली शुल्कापूर्वी १,००० रुपयांची आणि दुसरी ३,००० रुपयांची आहे. शुल्कानंतर त्या अनुक्रमे २,५०० आणि ७,५०० होतात, म्हणजे २,००० चे अंतर ५,००० झाले, आणि राज्याचे कर व विक्रेत्याचा नफा अजून यायचाच आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, त्यानंतर नागपुरातील भाव बरेच माणसात आले. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात आयात शुल्क आधी ७५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के करण्याचे ठरले आहे. दरम्यानच्या काळात, करांच्या या गुणाकारामुळेच, कमी वयाच्या बाटलीचे पारडे भारतात ब्रिटनपेक्षा जड राहते.

अल्कोहोलची टक्केवारी न वाचणे हीही याच हिशेबातील चूक आहे. ४६ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरमध्ये आपण पाणी घालून ती ४० टक्क्यांवर आणली, तर सुमारे ८६२ मिलिलिटर होते. म्हणजे जवळपास दोन मोठे पेग फुकट. शिवाय ४६ टक्क्यांच्या पुढे, धूसरपणा टाळण्यासाठी थंड करून गाळण्याची गरज सहसा भासत नसल्यामुळे अंगची स्निग्धताही टिकते. ड्युटी फ्रीमधील बाटली बहुधा एक लिटरची असते, तेव्हा तुलना बाटलीच्या किमतीची न करता दर १०० मिलिलिटरच्या किमतीची करावी. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंतच मुभा असते, हेही ध्यानात ठेवावे.

वय लिहिलेलेच नसेल, तर ती वाईट असे समजू नये, पण गडद रंग पाहून ती जुनी आहे असेही समजू नये. स्कॉचमध्ये पाण्याशिवाय साध्या कॅरमेलचा रंग घालण्यास परवानगी आहे आणि तो पुष्कळ नामांकित बाटल्यांत असतो. ग्लेनलिव्हेटची फाउंडर्स रिझर्व्ह आणि तिचीच १२ वर्षांची बाटली या दोन्हींत किमतीचा फरक थोडा असेल, तर मी डोळे झाकून १२ वर्षांची उचलतो. ४० टक्के अल्कोहोल, वयाचा पत्ता नाही, खोका मात्र मखमली, अशा बाटलीपासून चार हात दूर राहावे. भारतीय सिंगल माल्टला मात्र हा नियम लावू नये. बंगळुरूच्या उष्ण हवेत पिंपातून वर्षाला १० टक्क्यांहून अधिक दारू उडते, त्यामुळे अमृतसारख्या डिस्टिलरीची चार-पाच वर्षांची व्हिस्कीही पुरेशी पिकलेली असते आणि वयाचा आकडा तेथे उपयोगापेक्षा गैरसमजच जास्त करतो.

नागपूरच्या खोलीत स्कॉटलंडचा नियम लावणे

"बर्फ नको, खोलीच्या तापमानाला प्या" हा सल्ला ज्या खोलीत जन्मला, ती १८ ते २० अंशांची होती. मे महिन्यात आपल्या खोलीत पस्तिशी ओलांडलेली असते, आणि अशा वेळी अल्कोहोलची वाफ नाकात आधी घुसून बाकी सगळे झाकून टाकते. कमी वयाच्या व्हिस्कीत ही तक्रार अधिक जाणवते आणि दोष वयाला दिला जातो. बंद बाटली पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी. ओतलेला ग्लास तेथे उघडा ठेवू नये, कारण दुपारच्या वरणाची फोडणी त्यात हमखास उतरते. वाळ्याचा कूलर त्या वेळेपुरता बंद करावा. वाळ्याचा सुगंध कितीही प्रिय असला, तरी त्याच्यापुढे नाजूक माल्टचे काही चालत नाही.

सावजीचेही तसेच आहे. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते, आणि काळ्या मसाल्याने बधिर झालेल्या जिभेला १२ वर्षे काय आणि १८ वर्षे काय, सारखेच. चव पाहायची असेल तर जेवणाआधी पाहावी, सोबत फार तर खारे दाणे किंवा भाजलेले फुटाणे असावेत. जेवणासोबतच घ्यायची असेल, तर टॅलिस्करची १० वर्षांची, ४५.८ टक्क्यांची बाटली भरपूर पाण्यात घेतली तरी थोडाफार तग धरते. महाग आणि मवाळ माल्ट रश्श्यापुढे काढणे हा मात्र शुद्ध अपव्यय आहे.

उघडल्यावरच्या काही तक्रारी

पाणी किंवा बर्फ घालताच व्हिस्की धूसर झाली, की भेसळीची शंका येते. ४६ टक्क्यांच्या, थंड गाळणी न केलेल्या व्हिस्कीत हे होणारच. तिच्यातील तेलकट घटक पाण्यात विरघळून राहत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्याच वासात कच्चे पीठ, हिरवे सफरचंद किंवा थिनरसारखे काही आले, तर ग्लास पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग चमच्याने चार-पाच थेंब गाळलेले पाणी घालावे. त्यानंतरही थिनरच येत राहिले, तर ती बाटली खरोखर कच्ची आहे. तिला सोडा आणि लिंबाच्या वाटेला लावावे, तेथे ती उत्तम वागते.

मी एकदा शहरातील एका दुकानाच्या पश्चिमेकडील काचेत मांडलेली, सवलतीची बाटली घेऊन फसलो. दुपारचे ऊन थेट तिच्यावर येत होते आणि आतील पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा बोटभर खाली होती, तरीही मला फक्त किमतीची चिठ्ठी दिसली. बूच फिरवताच ते निम्मे हातात आले आणि निम्मे भुगा होऊन आत पडले. असे झाल्यास व्हिस्की धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत गाळून घ्यावी आणि जुन्या बाटलीचे धड राहिलेले एखादे बूच लावावे. बाटली नेहमी उभी ठेवावी, वाइनप्रमाणे आडवी नव्हे, कारण इतके तीव्र अल्कोहोल बुचाला खात राहते. बाटली एक तृतीयांशावर आली की ती लहान बाटलीत काढावी किंवा मित्रांना बोलावून संपवावी.

बोलावताना मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण असावे लागते आणि पिण्याचा परवानाही लागतो. दुसरे म्हणजे हुरड्याचे शेत नेमके कोणत्या जिल्ह्यात आहे ते आधी विचारून घ्यावे. बुटीबोरीपर्यंत आपण नागपूर जिल्ह्यात असतो, पण त्याच रस्त्याने पुढे वर्धा जिल्हा लागतो आणि तेथे दारूबंदी आहे, मग डिकीतील बाटली ५ वर्षांची असो वा २५ वर्षांची.