आडोशाच्या खाडीत यॉट रात्रभर नांगरून कशी ठेवावी

नांगर जड असला की नौका जागची हलत नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. दहा-बारा मीटरच्या यॉटचा नांगर साधारण पंधरा-वीस किलोचा असतो. एवढ्याशा वजनावर काही टनांची नौका थांबत नाही. नांगर धरतो तो तळात रुतून, आणि रुततो तो आडव्या ओढीने. साखळी किती सोडायची, रिव्हर्स किती द्यायचा, हे सगळं यावरूनच ठरतं.

उजेड असताना पोहोचा आणि नांगर सोडण्याआधी खाडीत सावकाश एक फेरी मारा. तळ वाळूचा किंवा चिखलाचा हवा. खडकात नांगर एक तर घसरतो, नाहीतर असा अडकतो की सकाळी निघत नाही. गवत सर्वांत फसवं: नांगराचं पातं मुळांच्या जाळीत गुंततं, नांगर धरल्यासारखा वाटतो आणि वारा वाढला की गवताच्या गठ्ठ्यासकट उपटून येतो. स्वच्छ पाण्यात फिकट दिसते ती वाळू. गडद डाग टाळा.

संध्याकाळच्या वाऱ्यावर जागा ठरवू नका. किनाऱ्यालगत दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. म्हणजे मध्यरात्री नौका पूर्ण उलटी फिरलेली असू शकते. त्यामुळे चारी बाजूंना साखळीची लांबी अधिक नौकेची लांबी एवढी मोकळी जागा हवी. शेजारची नौका दोरावर असेल तर ती साखळीवरच्या नौकेपेक्षा जास्त भटकते, तेही धरा. जो आधी आला त्याची जागा पक्की, सरकायचं नंतर आलेल्याने. रात्री वारा खाडीच्या तोंडातून आत येण्याचा अंदाज असेल, तर ती खाडी त्या रात्रीपुरती आडोशाची नाही. दुसरी शोधा.

साखळीचं गणित बहुतेक जण आत्ताच्या खोलीवर करतात आणि इथेच फसतात. समजा खोली 4 मीटर आहे, भरतीचं पाणी अजून 2 मीटर चढणार आहे आणि नांगराचा रोलर (नौकेच्या टोकावरची, साखळी जिच्यावरून खाली जाते ती चकती) पाण्यापासून 1 मीटर उंच आहे. हिशेब 7 मीटरचा. पूर्ण साखळी असेल तर पाचपट, म्हणजे 35 मीटर; थोडी साखळी आणि बाकी दोर असेल तर सातपट, 49 मीटर. ‘तिप्पट पुरते’ हा सल्ला दुपारच्या जेवणापुरता ठीक आहे. जोराच्या वाऱ्यात साखळी ताणून सरळ झाली की तिप्पट लांबीवर ती तळाशी सुमारे 19 अंशांचा कोन करते, पाचपटीवर साडेअकरा, सातपटीवर 8. कोन जितका मोठा, तितका नांगर वर उचकटला जातो. उलटा हिशेबही करा: ओहोटीला कीलखाली, म्हणजे नौकेच्या तळाच्या सर्वांत खोल भागाखाली, किती पाणी उरेल? उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) ओहोटीचं पाणी भांगापेक्षा (अष्टमीच्या सुमारास) बरंच खाली जातं. खोली दाखवणारं यंत्र पृष्ठभागापासून मोजतं, बसवलेल्या जागेपासून की कीलच्या तळापासून, हे माहीत नसेल तर सगळं गणित वाया.

आता खरं काम: नांगर रुतवणं. तोंड वाऱ्याकडे करून हळूहळू या आणि ठरवलेल्या जागी नौका पूर्ण थांबू द्या. ती मागे सरकायला लागली की नांगर खाली सोडा. फेकू नका. तळाला टेकताक्षणी जीपीएसवर खूण करा. त्यानंतर नौका जेवढी मागे जाईल तेवढीच साखळी द्या. सगळी साखळी एकदम ओतली तर तिचा ढीग नांगरावरच बसतो, पात्यांत गुंता होतो आणि मग तो काही केल्या रुतत नाही.

हिशेबातली निम्मीअधिक साखळी गेली की क्षणभर धरा. नौकेचं तोंड झुकून वाऱ्याकडे वळलं, म्हणजे नांगराचं टोक तळात घुसू लागलं. मग उरलेली साखळी सोडा. तळ मऊ चिखलाचा असेल तर पाच-दहा मिनिटं काहीच करू नका. नांगराला स्वतःच्या वजनाने बसू द्या. इथे घाईने जोरात रिव्हर्स दिला की नांगर चिखलातून नांगरणी करत येतो. आधी फक्त गिअर टाकून इंजिन मंद ठेवा. साखळी ताणली गेली की इंजिनचे फेरे हळूहळू वाढवा आणि पुरेशा जोरावर निदान अर्धा मिनिट टिकवा.

धरला की नाही, हे वाटण्यावर सोडू नका. काटकोनात बाजूला किनाऱ्यावरच्या एकामागे एक अशा दोन स्थिर वस्तू निवडा, खांब आणि झाड चालेल. रिव्हर्स चालू असताना त्या एकमेकींच्या तुलनेत सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय. साखळीवर तळवाही ठेवा: घसरणारा नांगर खडखड, थरथर हाताला कळवतो, रुतलेल्याची साखळी घट्ट आणि शांत असते. दोनदा प्रयत्न करूनही धरला नाही, तर तिसऱ्यांदा तिथेच टाकू नका. उचला, पात्यांतलं गवत काढा, जागा बदला. ‘रात्री वारा नाही, चालेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वाऱ्याचा वेग 10 नॉटचा (तासाला सागरी मैल) 20 झाला की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते.

साखळीचा भार विंडलासवर (साखळी ओढणाऱ्या यंत्रावर) ठेवून झोपू नका. आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला अडकवून डेकवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधा, म्हणजे झटके तो ताणून घेईल. दोर जिथे घासतो तिथे नळी किंवा जाड कापड गुंडाळा.

अंधार पडण्याआधी चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावा. फोनवरचा अलार्म नौका आत्ता आहे तिथे नव्हे, नांगर टेकला त्या खुणेवर लावा. त्रिज्या साखळीएवढी आणि वर नौकेच्या लांबीची भर.

रात्री नांगर घसरलाच तर आधी इंजिन सुरू करा. मागे जागा असेल तर आणखी साखळी सोडा, बऱ्याचदा तेवढ्याने धरतो. जागा नसेल तर उचलून पुन्हा पहिल्यापासून. सकाळी निघताना नौका विंडलासने ओढू नका. इंजिनने पुढे जा, साखळी उभी झाली की तिचा भार क्लीटवर घ्या आणि नौकेच्या जोरानेच नांगर सुटू द्या.