केडीई प्लाझ्मासाठी रंगसंगती: आधी अक्षर, मग सजावट

केडीई प्लाझ्मा म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप. त्याची थीम करताना वॉलपेपर आणि आयकॉन शेवटी घ्या. आधी तयार 'ब्रीझ डार्क' रंगसंगतीची प्रत काढून तिला नवं नाव द्या. मूळ कधीच बदलू नका. रंगांच्या फाइलमध्ये 'विंडो', 'व्ह्यू' (याद्या आणि मजकूर दिसतो तो भाग), 'बटन', 'सिलेक्शन' (निवडलेली गोष्ट) असे वेगळे गट असतात आणि प्रत्येकात पार्श्वभूमीसोबत अक्षरांचाही रंग असतो. घोटाळा इथेच होतो: 'व्ह्यू'ची पार्श्वभूमी गडद केली, अक्षरं काळीच राहिली, की फाइलींची यादी दिसेनाशी होते.

साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण, हवा. पांढऱ्यावर ११९,११९,११९ (लाल, हिरवा, निळा यांची मूल्यं) हा राखाडी थोडक्यात नापास होतो (४.४८), ११८,११८,११८ पास. मात्र काठावर पास होणारा रंग मराठीला पुरत नाही. लहान फॉन्टमध्ये अनुस्वार आणि रफार आधी विरतात. ७:१ धरा.

तपासायला 'किंमत', 'सर्व', 'क्षेत्र' अशा नावांचे फोल्डर करा. एक निवडा, मग दुसऱ्या खिडकीवर क्लिक करा. निष्क्रिय खिडकीतही निवड ओळखू यायला हवी. बंद असलेली बटणं फिकट चालतील, पण गायब नकोत.