नवं बोट इंजिन लवकर जाम झालं तर आधी पाना खाली ठेवा

वॉरंटीतलं इंजिन सीझ (जाम) झालं की पहिला मोह होतो तो उघडून बघण्याचा. तो आवरा. कंपनीचा माणूस येण्याआधीच हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडलेलं दिसलं की दावा तिथेच अडकू शकतो. त्याऐवजी अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो काढा, डिपस्टिक बघा (तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय), थोडं तेल आणि टाकीतलं इंधन स्वच्छ बाटल्यांत भरून तारीख घालून ठेवा. तक्रार लेखीच करा. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

खरी वादावादी बरेचदा प्रॉपेलरवरून होते. पिच (एका फेरीत प्रॉपेलर जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) जास्त असेल तर फुल थ्रॉटललाही इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नाही, नुसतं ओढत राहतं, त्याच्यावर ताण येतो. मग कंपनी म्हणते, दोष इंजिनाचा नाही, बसवणाऱ्याचा. म्हणून बोट ताब्यात घेतानाच नेहमीचं वजन चढवून फुल थ्रॉटलचा आरपीएम पाहा आणि डीलरकडून लिहून घ्या. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असेल तर त्यातला डेटा कंपनी वाचणारच, त्याची प्रत तुम्हीही मागा. पहिली सर्व्हिस, बऱ्याच आउटबोर्डांना (बोटीच्या मागे बाहेर लावायच्या इंजिनांना) ती इंजिन 20 तास चालल्यावर असते, चुकवली असेल तर मात्र भांडायला फारशी जागा उरत नाही.