गावात डेस्कटॉप घेताना आधी वीज बघा, मग प्रोसेसर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल. बारावीचे निकाल लागले की पालक येतात. "ताई, पोरासाठी कॉम्प्युटर घ्याचा हाय. आय-फाइव्ह घेऊ का आय-सेव्हन?" मी उलट विचारते, घरात अर्थिंग आहे का? कारण माझ्या टेबलावर येणारी मशीन प्रोसेसर कमी पडला म्हणून येत नाहीत. कुणाचा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा, जळालेला असतो, कुणाची हार्ड डिस्क गेलेली असते, कुणाच्या पंख्यात कापसाच्या बोंड्यांचा भुसा आणि धूळ मिळून गादी झालेली असते.

म्हणून सुरुवात विजेपासून करा. आपल्याकडे भरवशाचे २३० व्होल्ट कागदावरच असतात. आजूबाजूच्या शेतांतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येतं, बंद झाल्या की उसळतं. कॉम्प्युटर आणायच्या आधी वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावून तीन आकडे बघायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा तिसरा आकडा पाच-दहाच्या वर गेला तर कुठेतरी गडबड आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलेलीच नसते. जिथे खड्डा आहे तिथेही उन्हाळ्यात माती कोरडी पडते. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात एप्रिल-मे मध्ये अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला हवं.

आता एसएमपीएस. कोटेशनमध्ये 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' अशी एक ओळ आणि किंमत अगदी कमी दिसली, तर ती ओळ बदलून घ्या. फुकटात मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण हातात घेतला की तो हलका लागतो आणि वायरी बारीक असतात. असा जळालेला डबा मी उघडते तेव्हा आतल्या कपॅसिटरची डोकी फुगून वर आलेली असतात, कधी तपकिरी चिकट पाणी सुटलेलं असतं. (हा डबा घरी उघडू नका. प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो.) महागडा प्रोसेसर आणि असला एसएमपीएस म्हणजे तगड्या बैलाला मोडकं जू. नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस'चा (वीज कमी वाया जाते असं सांगणारा) शिक्का असलेला ४५० वॅटचा डबा घ्या. जास्तीचे पैसे लागले तर प्रोसेसरची एक पायरी खाली या.

यूपीएस लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा घ्या, तो व्होल्टेज थोडं सावरून घेतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. तरी साध्या मशीनला आणि मॉनिटरला तो पुरतो, वीज गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं, लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकदम मोठा करंट ओढतो आणि त्याच क्षणी सगळं बंद पडतं. अर्धा भरलेला फॉर्म जातो, समोर शेतकरी ताटकळत उभा असतो.

मग काम बघा. एमएस-सीआयटी, टायपिंगची परीक्षा, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, टॅली यासाठी इंटेल आय-थ्री १२१०० किंवा रायझन ५ ५६००जी भरपूर झाला. दोघांतही ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा भाग, आतच आहे. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर ते ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड घ्यावं लागतं. स्वस्त दिसतो म्हणून १२१००एफ घेऊन आलेल्यांना मॉनिटरवर काहीच दिसत नाही. गेम आणि व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना कार्ड लागेलच, मग एसएमपीएसही त्या हिशोबाने मोठा घ्या.

विंडोज हार्ड डिस्कवर टाकू नका. एसएसडीच घ्या, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क, आणि तीही ५१२ जीबीची एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, सॅटा या जुन्या जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. जुन्या मशीनलाही एवढा एक बदल केला की ती कामाची होते. रॅमचे भाव २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास भडकले, कारण चिपचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरला माल देऊ लागले. म्हणून कोटेशन खरेदीच्याच दिवसाचं घ्या. बजेट ताणलं असेल तर आज ८ जीबीची एकच पट्टी बसवा, पण मदरबोर्डवर दुसरा स्लॉट मोकळा आहे याची खात्री करा.

कंपन्यांतून निघालेली जुनी मशीन सध्या खूप विकायला येतात, डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. बांधणी दणकट असते, मीही काही इन्स्टिट्यूटमध्ये लावली आहेत. फक्त 'आय-फाइव्ह आहे' एवढ्यावर जाऊ नका. नंबर वाचा. आय-५ ६५०० मधला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० मधले १२ म्हणजे बारावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालतं. सहावी-सातवी पिढी लिनक्स वापरणाऱ्यांनीच घ्यावी. अशा मशीनचा एसएमपीएस कंपनीच्या मापाचा असतो, तालुक्यात मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

नवीन ब्रँडेड घेत असाल तर दुकानदाराला आपला पिनकोड सांगून विचारा, वॉरंटीत माणूस घरी येतो का? नाही म्हणाला तर असेंबल्ड, म्हणजे सुटे पार्ट जोडून बनवलेलं, बरं. नागपूरला सीताबर्डीत किंवा अमरावतीला सुटा पार्ट मिळतो, एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं.

उन्हाळ्याचं वेगळं बोलायला हवं. बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या खोलीत मशीनचं काय होत असेल! पुढे जाळी असलेलं, दोन पंखे बसतील असं कॅबिनेट घ्या. काचेचं आणि रंगीत दिव्यांचं राहू द्या. टेबलाच्या बंद कप्प्यात ते कोंबू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. आणि कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नाही. त्या ओल्या हवेबरोबर धूळ आत जाऊन चिकटते, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर, पोर्टांवर गंज धरतो. कूलर खोली थंड करेल एवढं पुरे. मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढा, मदरबोर्डचा लॅन पोर्ट पुष्कळदा त्याच वाटेने जातो.

पैसे देण्याआधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं नाव कोटेशनशी ताडून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. नव्या म्हणून दिलेल्या एसएसडीवर शेकडो तास वापर दिसला तर ती परत करा. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांचे सिरियल नंबर बिलावरच लिहून मागा. थर्मल पेपरवरची शाई आपल्या उन्हाळ्यात लवकर उडते, म्हणून बिलाचा फोटो घरी पोचायच्या आधीच मोबाइलमध्ये काढून ठेवा.