पहिली बॉडी 31 किलोची झाली

ड्रॅगस्टरची, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या गाडीची, बॉडी डिझाइन करायला काय शिकावं, असं विचारणारी मुलं मला अधूनमधून भेटतात. बहुतेकांच्या वहीत चित्र आधीच तयार असतं. लांब नाक, पाण्याच्या थेंबासारखं अंग आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझ्याही वहीत हेच चित्र होतं. भांडुप ते दादर उभ्याने प्रवास करताना मी ते रोज थोडं थोडं सुधारत असे. पुढे तीच बॉडी आम्ही प्रत्यक्षात बनवली आणि ती लावल्यावर गाडी हळू झाली. का झाली, ते सविस्तर सांगतो, कारण या विषयातलं बहुतेक सगळं मी त्या एका चुकीतून शिकलो.

आधी एक गोंधळ दूर करू. ड्रॅग रेसिंगमधला ‘ड्रॅग’ आणि हवेचा ‘ड्रॅग’, म्हणजे हवेचा अडथळा, यांचा एकमेकांशी संबंध नाही. ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीपासून सुरू होणारी सरळ रेषेतली शर्यत. तिचं जुनं अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. अमेरिकेत टॉप फ्युएल वर्गातल्या गाड्या 2008 पासून 1000 फूट, म्हणजे सुमारे 305 मीटर धावतात. नायट्रोमिथेन या इंधनावर चालणाऱ्या या गाड्या ताशी 530 किमीच्या पुढे जातात. इतका वेग म्हटला की अंग अगदी गुळगुळीत आणि झाकलेलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती गाडी बघा. सुईसारखं नाक, उघडी अवाढव्य मागची चाकं, उघडं इंजिन आणि मागे उंच खांबांवर बसवलेला मोठा पंख. एअरोडायनॅमिक्सच्या पुस्तकात जे जे टाळा म्हणून सांगितलंय, त्यातलं बरंच काही या गाडीवर दिसतं.

याचं कारण घड्याळात आहे. पाव मैल 10 सेकंदांत कापणाऱ्या गाडीचे साधारण साडेसहा सेकंद पहिल्या अर्ध्या अंतरातच जातात. तिथे वेग कमी असतो आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. मुंबईच्या दमट, गरम हवेची घनता 1.15 किलो प्रति घनमीटर धरा आणि गाडीचा ड्रॅग गुणांक (आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा) गुणिले समोरचं क्षेत्रफळ 0.6 चौरस मीटर धरा. ताशी 100 किमीला हवा 266 न्यूटनने मागे ढकलते, त्यात साडेसात किलोवॅटही खर्च होत नाहीत. 200 ला बल 1065 न्यूटन होतं आणि शक्ती 59 किलोवॅट. 300 ला जवळपास 200 किलोवॅट नुसते हवेत जातात. हे तीन आकडे स्वतःच्या हाताने काढा, कॅल्क्युलेटर चालेल. एकदा काढले की कळतं, हवा आपला हिशेब शेवटी मागते. वजन मात्र पहिल्या इंचापासून वसुली करतं.

आमची गाडी छोटी होती. नळ्यांची चेसिस, म्हणजे सांगाडा, आणि मोटरसायकलचं इंजिन, ड्रायव्हरसकट 229 किलो. कॉम्प्युटरवर बॉडीचं सिम्युलेशन केलं तेव्हा ड्रॅग इतका कमी आला की आम्ही रात्री अकराला कॅन्टीनबाहेर नाचलो. त्या सिम्युलेशनमध्ये चाकं फिरत नव्हती आणि जमीन स्थिर होती. खऱ्या रस्त्यावर गाडीच्या दृष्टीने जमीन तिच्या वेगाने मागे सरकत असते आणि फिरणारं उघडं चाक हवा अक्षरशः घुसळून काढतं. ओपनफोम हे अशा सिम्युलेशनचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जरूर शिका. पण पहिल्या दिवसापासून सरकती जमीन आणि फिरती चाकं घालायची सवय लावा, नाहीतर स्क्रीन तुम्हाला हवं तेच दाखवत राहील.

साचा करायला जागा नव्हती. आमच्यातल्या एकाच्या ओळखीने लालबागला मंडपांचे फायबरचे देखावे करणाऱ्या एका काकांच्या शेडमध्ये कोपरा मिळाला. दिवस पावसाळ्याचे होते. काकांनी थर्माकोल कापायला शिकवलं, त्यावर पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग मेणाचे थर. बोट फिरवून ते सांगायचे, “इथे खड्डा आहे.” मला दिसायचा नाही. डोळे मिटून तळहात फिरवला की मात्र लागायचा. आजही मी पृष्ठभाग आधी तळहाताने तपासतो, मग उजेडात बघतो.

फायबर लावताना आम्ही घाबरलो. फाटेल, थरथरेल म्हणून मॅटचा, म्हणजे काचतंतूंच्या चटईचा, एक थर जास्त, मग आणखी एक. रेझिनही सढळ हाताने ओतलं. त्यात हवा इतकी दमट की वरचा थर दोन दिवस चिकटच राहिला, म्हणून त्यावर पुन्हा पुट्टी आणि रंग. काका म्हणाले, “बाळा, ताकद मॅटमध्ये असते. रेझिन फक्त तिला धरून ठेवतं. तू पाणी घालून वरण वाढवतोयस.” तेव्हा ते लक्षात आलं नाही. रंग सुकल्यावर काट्यावर ठेवली तेव्हा बॉडी भरली 31 किलो.

एका कारखान्याच्या आवारातल्या सरळ रस्त्यावर परवानगी काढून 201 मीटरची चाचणी घेतली. बॉडीशिवायची नागडी गाडी आठ सेकंदांच्या आसपास पोहोचायची. बॉडी लावल्यावर दोन दशांश सेकंद जास्त लागले. शेवटचा वेग जवळपास तोच. म्हणजे हवेत जे कमावलं ते वजनात गेलं, वर पदरचंही गेलं. संध्याकाळी परतीच्या टेम्पोत कुणीच बोललं नाही.

त्या चाचणीत एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. आईच्या विणकामातली लाल लोकर मी नेली होती. तिचे बोटभर लांबीचे तुकडे पांढऱ्या बॉडीवर टेपने चिकटवले, ओळीत, वीतभर अंतरावर. गाडी ताशी 60 ने चालवली आणि शेजारून मोटरसायकलवर मागे बसून एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. नाकावर आणि बाजूंवर सगळे धागे शहाण्यासारखे मागे झोपलेले. ड्रायव्हरच्या डोक्यामागे मात्र ते आधी थरथरायला लागले, मग उभे राहिले आणि शेवटची ओळ चक्क पुढच्या दिशेला वळली. तिथे हवा अंग सोडून उलटी फिरत होती. आम्ही तिथला उतार फार तीव्र ठेवला होता. सिम्युलेशनच्या रंगीत चित्रांत हे आम्ही दहादा पाहिलं असणार, पण तो उलटा वळलेला लाल धागा पाहिल्यावर प्रवाह सुटणं म्हणजे काय ते खरं समजलं. लोकरीला दहा रुपयेही लागत नाहीत. ही चाचणी केल्याशिवाय कुठल्याही बॉडीबद्दल मत देऊ नका.

विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेचा झोत सोडणाऱ्या बोगद्यात, छोटं मॉडेल तपासणार असाल तर एक सावधगिरी. मॉडेल पाचपट लहान केलं तर तोच रेनॉल्ड्स आकडा (आकार आणि वेग मिळून प्रवाह कसा वागेल ते सांगणारा) मिळवायला हवा पाचपट वेगाने सोडावी लागते. कॉलेजच्या टनेलमध्ये ते जमत नाही. त्यामुळे तिथले आकडे दोन आकारांची तुलना करायला वापरा, खऱ्या गाडीचा ड्रॅग म्हणून नको.

हा विषय शिकताना अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गारलिट्स यांचा इतिहास जरूर वाचा. मार्च 1970 मध्ये लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्यांच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. तेव्हा ड्रायव्हर इंजिनामागे बसायचा. त्यांनी इंजिन मागे नेलं आणि 1971 मध्ये त्या रचनेने शर्यती जिंकून दाखवल्या. आजच्या ड्रॅगस्टरचं सडपातळ नाक शक्य झालं ते यामुळेच. 1973 मध्ये त्यांनी पूर्ण झाकलेली, हवा सहज सरकेल अशी बॉडी करून पाहिली, ती यशस्वी झाली नाही. 1986 मध्ये त्यांची ‘स्वॅम्प रॅट 30’ ही गाडी आली. बंद कॉकपिट, निमुळतं नाक आणि पुढे इवलीशी चाकं. तिने ताशी 272 मैल, म्हणजे सुमारे 438 किमी गाठले आणि आज ती स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच 1986 मध्ये इंग्लिशटाउनच्या शर्यतीत तिचं नाक उचललं गेलं, पोटाखाली हवा शिरली आणि गाडी उभी राहून उलट्या दिशेला फिरली. गारलिट्स बचावले. माझ्या मते नवख्याने सगळ्यात जास्त वेळ या प्रसंगावर घालवावा. ड्रॅग किती कमी झाला हे कळण्याआधी नाक दोन अंश वर झालं तर हवा कुठे जाईल, हे कळलं पाहिजे. हवेच्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या मागे राहतो का, तेही कागदावर मांडा. टॉप फ्युएलचा मागचा पंख इतका ड्रॅग सोसून ठेवतात तो टायर जमिनीला दाबून धरण्यासाठीच. वर वळवलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांचा झोतही त्याच कामी येतो.

नोकरीचं विचाराल तर नुसत्या ड्रॅगस्टरवर पोट भरेल अशी जागा मुंबईत मी पाहिलेली नाही. पण फायबर, साचा आणि प्रवाह हे तीन येत असतील तर बोटी, पवनचक्कीची पाती, बसचे भाग, सगळीकडे काम आहे. मी स्वतः त्यातूनच उभा राहिलो. कॉलेजात असताना सुप्रा एसएईइंडिया किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धांच्या टीममध्ये शिरा, आणि मार्केटिंगमध्ये नको, बॉडीच्या कामात. आपल्याकडे ड्रॅगच्या शर्यती अँबी व्हॅलीसारख्या धावपट्ट्यांवर झाल्या आहेत; आयोजकांकडे एफएमएससीआय या देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेची मान्यता आहे का ते बघून शर्यतीच्या अधिकाऱ्यांच्या मदतीला जा. रात्री मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) किंवा फ्रीवेवर होणाऱ्या शर्यतींपासून लांब राहा. तिथे माणसं मरतात, आणि रस्त्यावरून चाललेल्या माणसाने तुमच्या शर्यतीत भाग घेतलेला नसतो.

आम्ही दुसरी बॉडी पुढच्या मार्चमध्ये केली, हवा कोरडी असताना. चाकं झाकायचा हट्ट सोडला. फक्त नाक, कॉकपिटच्या बाजू आणि डोक्यामागे लांब, हळू उतरणारी शेपटी ठेवली. मॅट आधी वजन करून कापली, तेवढंच रेझिन मोजून घेतलं, जादा रोलरने पिळून काढलं. साच्यातून निघाल्यावर काकांनी ती एका हाताने उचलली, कानाजवळ धरून बोटाने टकटक केलं आणि रंगाचा डबा माझ्या हातातून काढून घेतला. “आधी काटा,” म्हणाले. काट्यावर आकडा आला 9 किलो 400 ग्रॅम. रंग आम्ही लावलाच नाही.