वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी अचानक दुखू लागले, तर काय करावे

कोकणातल्या माणसाची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया बहुधा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला घरी पाठवले की त्याच्या आणि सर्जनच्या मध्ये एक घाट किंवा महामार्गावरचे सात-आठ तास येतात. रुग्णालयात दुखले तर नर्सला हाक मारता येते. देवगडला किंवा गुहागरला रात्री दोन वाजता दुखले, तर हे दुखणे उजाडेपर्यंत थांबण्यासारखे आहे की नाही, हे आधी घरच्यांनाच ठरवावे लागते. माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया, कोल्हापुरात झाली आणि आंबा घाट उतरून घरी आल्याच्या पहिल्याच रात्री उजव्या खांद्यात अशी कळ उठली की मला उशीवर मान टेकवेना. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा खांदा दुखेल, हे मला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असले तरी माझ्या ध्यानात राहिले नव्हते.

पहिले काम: नाडी मोजावी

दुखणे किती जोराचे आहे, एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. खांद्यातली निरुपद्रवी कळ माणसाला रडवते आणि जठराच्या शिवणीतून होणारी गळती कधीकधी नुसत्या बेचैनीने सुरू होते. म्हणून दुखण्याबरोबर आणखी काय आले आहे, ते पाहावे. पाच मिनिटे स्वस्थ पडून राहावे, मग अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडीचे ठोके मोजावेत. घाबरलेल्या माणसाने स्वतःची नाडी मोजण्यापेक्षा दुसऱ्याने मोजलेली बरी. माझी नाडी बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजली, ती ८८ भरली. अंगात ताप नव्हता, श्वास नीट चालत होता आणि घोट घोट घेतलेले पाणी पोटात राहत होते. आम्ही उजाडेपर्यंत थांबलो, ते या चार गोष्टींच्या भरवशावर.

स्वस्थ पडलेले असताना नाडी १२० च्या वर असेल, तर दुखणे कितीही थोडे असले तरी थांबू नये. ती १०० ते १२० च्या दरम्यान असेल आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजूनही उतरली नसेल, तर त्याच वेळी सर्जनला फोन करावा. रात्र आहे म्हणून संकोच करू नये. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असलेल्यांची नाडी या गोळीमुळे वाढत नाही, त्यामुळे त्यांनी केवळ नाडीवर विसंबू नये. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, धाप लागणे, पाण्याचा घोटही उलटून पडणे, लघवी फार कमी होणे, उलटीत रक्त दिसणे किंवा शौच डांबरासारखे काळे होणे, यांपैकी काहीही दिसले तरी निघावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. अशी पोटरी चोळू नये, तिला तेल लावून मालीश तर मुळीच करू नये. छातीवर दडपण येऊन घाम फुटला, तर हृदयाचे दुखणे गृहीत धरून आधी जवळचे रुग्णालय गाठावे.

दुसरे काम: दुखण्याची जागा आणि वेळ पाहावी

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला थोडा मागे राहतो आणि छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचत राहतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून कळ खांद्यात जाणवते. ही कळ साधारण दोन-तीन दिवस, क्वचित आठवडाभर राहते आणि चालल्यावर हलकी होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वायू हा शब्द ऐकला की ओवा, हिंग, लिंबू-सोडा, फसफसणारी चूर्णे असे सगळे पुढे येते, पण हा वायू आतड्याच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असतो. त्यावर ओव्याचा उपयोग नाही आणि सोड्याने नव्या जठराला उगाच ताण मात्र बसतो. दर दोन तासांनी पडवीत किंवा खळ्यात दहा मिनिटे चालावे, पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपावे आणि खांद्यावर कोमट शेक घ्यावा. पोटावर, टाक्यांजवळ शेक नको. मात्र डावा खांदा दुखतो आहे आणि त्याबरोबर नाडी व तापही चढला आहे, असे झाल्यास त्याला उरलेला वायू समजू नये, कारण गळतीचे दुखणेही तिथेच उमटते.

पोटावरच्या चार-पाच छेदांपैकी एकच जास्त दुखत असेल, तर बहुधा तो जठराचा कापलेला तुकडा बाहेर काढण्यासाठी मोठा केलेला छेद असतो. खोकताना तिथे उशी दाबून धरावी. पहिले सहा आठवडे विहिरीवरची कळशी, नारळाचे पोते किंवा फणस उचलू नये. छेदाभोवती लाली पसरू लागली किंवा पू आला, तर डॉक्टरांना दाखवावे.

खाता खाता किंवा खाल्ल्यावर लगेच छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखे दुखते, ते बहुतेक वेळा घाईचे फळ असते. तिसऱ्या आठवड्यात मी अटवल भात चार घास भरभर खाल्ला आणि अर्धा तास खांबाला धरून उभा राहिलो. अशा वेळी वरून पाणी पिऊन घास खाली ढकलू नये. खाणे थांबवून उभे राहावे, हळूहळू चालावे. त्यानंतर चहाच्या चमच्याने खावे, जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत आणि जेवण झाल्यावर अर्धा तास पाणी पिऊ नये. दिवसभरात मात्र दीड लिटर तरी पाणी घोटाघोटाने पोटात गेले पाहिजे. इकडच्या दमट हवेत घाम किती गेला ते कळत नाही आणि पाणी कमी पडले की डोके दुखते व शौचाला खडा होतो. या खड्यानेही पोटात मुरडा येतो.

गोड खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत पोटात कळा, धडधड, घाम आणि जुलाब झाले, तर ते अन्न आतड्यात फार वेगाने उतरल्यामुळे झालेले असते. जठराची बायपास शस्त्रक्रिया, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांना हे अधिक होते. आमरसाची वाटी आणि उकडीचे मोदक यांचा मोह मे महिन्यात आणि गणपतीत आवरणे अवघड असते, एवढेच सहानुभूतीने म्हणतो. आडवे पडल्यावर हे सहसा ओसरते.

तिसरे काम: गोळी निवडून घ्यावी

घरी चालण्यासारखी गोळी पॅरासिटामॉलची आहे. तीही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या मात्रेत, दोन मात्रांमध्ये सहा तास ठेवून घ्यावी. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, ते मोजणीत धरावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि त्यांच्या जोडगोळ्या मात्र सर्जनने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांनी जठराला, आणि बायपासमध्ये तर नव्या जोडाच्या जागी, व्रण होऊ शकतो. गावातल्या दवाखान्यात दुखण्यावर कमरेत दिले जाणारे इंजेक्शन पुष्कळदा डायक्लोफेनॅकचे असते. औषध पोटातून न जाता रक्तातून गेले तरी व्रणाचा धोका टळत नाही, म्हणून सुई टोचण्याआधी आपल्या शस्त्रक्रियेविषयी सांगावे. तंबाखूनेही हाच व्रण वाढतो. मशेरी लावणाऱ्या बायका तिला तंबाखूत धरत नाहीत, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे.

चौथे काम: निघायचे ठरल्यास

१०८ ला फोन करावा आणि सर्जनलाही कळवावे. थेट घाट चढायला निघू नये. रत्नागिरी, ओरोस किंवा जे जवळ पडेल त्या मोठ्या रुग्णालयात आधी शिरेतून सलाइन सुरू करून घ्यावे आणि तिथल्या डॉक्टरांचे सर्जनशी फोनवर बोलणे करून द्यावे. पुढे हलवायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद असतो, त्यामुळे दुसरी वाट कोणती आणि गाडी कोणाची, हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावे. फाइल सोबत असावी आणि तिच्या पहिल्या पानावर शस्त्रक्रियेचे नाव व तारीख मोठ्या अक्षरांत असावी. नाकातून नळी घालण्याची वेळ आली, तर ताजी शिवण आतून दुखावू शकते हे सांगून आधी सर्जनला विचारायला लावावे.

काही महिन्यांनी उठणारे दुखणे

वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. तळलेले किंवा तुपकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर सोनोग्राफी करावी. वरचेवर उलट्या होऊन पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर तो बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा इशारा असू शकतो आणि त्यात दिवस दवडणे परवडत नाही. बायपास झालेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. वजन उतरल्यावर आतली चरबी वितळते, आतड्यांच्या पडद्यात फटी राहतात आणि त्यांत आतडे शिरून पीळ बसू शकतो. हे एक-दोन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा होऊ शकते. जेवल्यावर कळ येते, आपोआप जाते, पुन्हा येते. मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो आणि त्याला अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते. असे दोन-तीनदा झाले, तर सर्जनला सांगून सीटी स्कॅन करून घ्यावा, आणि कळ आली पण ती गेलीच नाही, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री निघावे.