पाठ असलेल्या दुआंतून अरबी व्याकरण

नमाज पाठ असेल, तर अभिजात अरबीचं बरंचसं व्याकरण आधीच तोंडात बसलेलं असतं. फक्त शब्द फोडायचे. रोजच्या 17 फर्ज (अनिवार्य) रकातींमध्ये, म्हणजे नमाजच्या आवर्तनांमध्ये, अल-फातिहा ही कुराणातली पहिली सूरा तितक्याच वेळा येते, म्हणजे वेगळी घोकंपट्टी नको.

सुरुवात शेपटांपासून करा. रुकूतल्या (कमरेत वाकण्याच्या स्थितीतल्या) ‘सुब्हान रब्बियल अज़ीम’मध्ये ‘रब्बी’ म्हणजे माझा रब (प्रभू). उभं राहताना ‘रब्बना’, आमचा रब. ‘ई’ माझा, ‘ना’ आमचा. मग क्रियापदाचं तोंड बघा: ‘अऊज़ु’ म्हणजे मी आश्रय घेतो, ‘नअबुदु’ म्हणजे आम्ही उपासना करतो. सुरुवातीचा ‘अ’ मी, ‘न’ आम्ही. आता ‘नस्तईनु’ कुणाचं, ते तुम्हीच ओळखाल.

शब्दाच्या मुळाची, म्हणजे ज्या व्यंजनांतून शब्द बनतात त्यांची, तर गंमतच आहे. ह-म-द (स्तुती) यातून अल्हम्दु, हमीद, महमूद, अहमद; स-ज-द यातून सजदा, साजिद आणि आपली मशीदसुद्धा! वहीचं एक पान एका मुळाला द्या.

मात्र देवनागरीवर विसंबू नका. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) छापताना हमखास गळतो. अरबी लिपी आधी शिका.